चार कोरडे दिवस

आरवी नदीच्या खोऱ्यात हवामानाच्या यंत्राला सगळे 'भटजी' म्हणत. सुरुवातीला ती थट्टा होती. मग थट्टा करणारेच सकाळी उठून आधी मोबाइलवर भटजीला विचारू लागले, की आज पापड घालू का, कौलं काढू का, वाल उन्हात टाकू का. दोन वर्षांपूर्वी तर कमाल झाली. वैशाखात एकच दिवस ढगाळ आणि गार जाणार, असं भटजीने आधीच सांगून ठेवलं आणि खोऱ्यातली झाडून सगळी लग्नं त्या एका दिवशी ठरली. मांडववाला एक, बँडवाला एक आणि खरा भटजीही एकच. तो बिचारा मोटारसायकलवर बसून दिवसभर मंगलाष्टकं म्हणत फिरला. शेवटच्या लग्नापर्यंत त्याचा आवाज पार बसला आणि 'सावधान' नवऱ्यामुलाच्या मामाने म्हटलं. दिवस मात्र गार गेला, ते खोटं नाही.

या यंत्राची राखण करायची ती रुचिता गोताड. खाडीच्या मुखाशी बंदरावर तिचं ऋतुकेंद्र होतं, दोन खोल्यांचं. माहेर तिथंच, खारव्यांच्या वस्तीत. भाऊ बोटीवर, वहिनी मासळी सुकवणारी. सासर आत खोऱ्यात, गोताडवाडीत, भातशेतीवाल्यांचं. प्रेमविवाह. लग्नात दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली होती. पुढे सासरच्यांना सुक्या बांगड्याची आणि माहेरच्यांना लाल तांदळाची चटक लागली, तेव्हा नाकं सरळ झाली.

यंत्र चालतं कसं, ते थोडक्यात सांगायला हवं. समुद्राच्या तळाशी इंटरनेटच्या केबल पडलेल्या असतात. काचेच्या बारीक तारा, आणि त्यांतून प्रकाश धावतो. पाणी तापलं किंवा निवलं की तारेत इतकासा फरक पडतो आणि प्रकाशाला पोहोचायला किंचित कमी-जास्त वेळ लागतो. ती तफावत मोजली की केबल जिथून जाते तिथल्या सगळ्या समुद्राचा ताप कळतो, तोही क्षणाक्षणाला. जोडीला डोंगरावरच्या टॉवरवर आणि एसटीच्या थांब्यांवर वारा, ऊन, दमट हवा मोजणारी उपकरणं बसवलेली. पूर्वीचा अंदाज अख्ख्या जिल्ह्याचा असायचा. हे यंत्र डोंगराच्या या उतारावर काय होईल आणि त्या उतारावर काय, ते वेगळं सांगायचं, आणि तीन-तीन आठवडे आधी. चुकायचं क्वचित. म्हणून तर पंचाईत झाली.

त्या चैत्रात रुचिता उन्हाळी अंदाज तयार करायला बसली होती. दर रविवारी ती खोऱ्याच्या रेडिओवर अंदाज वाचायची आणि लगेच तो सगळ्यांच्या मोबाइलवर जायचा. येत्या रविवारचा अंदाज मोठा होता. आधी अवकाळीची एक सर, मग चार कोरडे, निवांत दिवस, चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा पाऊस, आणि तिथून पुढे महिनाभर ढगाळ, ओलसर हवा. म्हणजे भाजावळीला मिळणार ते चारच दिवस.

भाजावळ म्हणजे भाताचं रोप जिथे पेरायचं ती दाढ भाजून काढायची. शेण, पालापाचोळा, सुकं गवत, वर मातीचा थर, आणि पेटवायचं. तणाचं बी मरतं, जमीन भुसभुशीत होते. मधल्या काळात लोक तणनाशकं फवारू लागले होते. पुढे नदीच्या पाण्यात तीच सापडली, सरकारने बंद केली आणि भाजावळ परत आली. पूर्वी ज्याला जसं जमेल तसं तो भाजायचा. आज या वाडीत चार धूर, उद्या त्या वाडीत दोन. दीड महिना हे चालायचं आणि कोणाच्या डोळ्यांत जायचं नाही. आता भटजी होता. पहिला कोरडा दिवस कोणता ते त्याने सांगितलं, की बाराच्या बारा वाड्या त्याच सकाळी काडी ओढणार. उगाच कोण कशाला थांबेल?

हे मनात आलं आणि रुचिताने जे आजवर कोणी केलं नव्हतं ते केलं. यंत्राला समुद्र माहीत होता, डोंगर माहीत होता. आपण बोललो की माणसं काय करतात, ते त्याला माहीत नव्हतं. तिने बारा वाड्यांचा धूर एकाच सकाळी हवेत सोडून हिशेब पुन्हा चालवला. निकाल बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

उन्हाळ्यात खोऱ्यात सकाळी गार हवा तळाशी बसलेली असते आणि वर उबदार हवेचं झाकण असतं. ऊन चढलं की जमीन तापते, झाकण उचललं जातं, हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारा वारा आत येतो. समुद्र जमिनीसारखा पटकन तापत नाही, म्हणून ही ओढ रोज लागते. पण खोरं धुराने भरलं तर ऊन जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. जमीन तापत नाही, झाकण उचलत नाही, वारा येत नाही, आणि वारा येत नाही म्हणून धूर जात नाही. यंत्र सांगत होतं की चारही दिवस धूर जागचा हलणार नाही. खोऱ्यात दमेकऱ्यांचे हाल. किनाऱ्यावर वारा पडला की वाळवणावरची मासळी सडणार, त्यात अळ्या पडणार. आणि दम्याचं नाव घेतलं की रुचितासमोर पहिले उभे राहायचे ते आप्पा, तिचे सासरे. गेल्या पावसाळ्यात त्यांना दोनदा ऑक्सिजन लावावा लागला होता.

तिने मुंबईला केळुसकर मॅडमना फोन लावला. मॅडम तिच्या वरिष्ठ. हुशार बाई, मनाने वाईट नव्हत्या, पण सगळं झटपट उरकायची सवय.

"सोपं आहे," मॅडम म्हणाल्या. "मोबाइलवर अंदाज जातो ना? तीन वाड्यांना पहिला दिवस कोरडा दाखव, बाकीच्यांना पावसाची शक्यता दाखव. दुसऱ्या दिवशी पुढच्या तीन वाड्या. आपोआप विभागले जातील."

"म्हणजे खोटा अंदाज द्यायचा."

"थोडा उशिराचा अंदाज म्हण. कोणाला कळणार आहे?"

"मॅडम, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? इकडच्या वाडीतली लेक तिकडच्या वाडीत दिलेली असते. दुपारपर्यंत सगळ्यांना कळेल. आणि हाच अंदाज बघून माझा भाऊ बोट बाहेर काढतो. एकदा आमच्या शब्दात पाणी मिसळलं की तो वादळाचा इशारा तरी खरा मानेल का?"

मॅडमनी विचारलं, "मग तू काय करणार?"

"खोऱ्याला खरं सांगणार आणि त्यांच्याकडूनच क्रम ठरवून घेणार."

"रविवारपर्यंत?"

"रविवारपर्यंत."

"नाही जमलं, तर मी इथून वेगवेगळे अंदाज सोडणार, रुचिता. लोक गुदमरलेले मी बघू शकत नाही."

रुचिताने 'बरं' म्हणून फोन ठेवला. कारण गुदमरलेले तिलाही बघवणार नव्हते.

निघताना ती माहेरी डोकावली. सानिका वहिनी बांबूच्या मांडवावर बोंबील टांगत होती. सगळं ऐकून घेतलं आणि हात न थांबवता म्हणाली, "त्यांना सांग, यंदा पेटवूच नका."

"आणि भात काय तुझ्या अंगणात लावू?"

"काय गो, सासरची झालीस ना शेवटी."

"वहिनी, मी दोन्हीकडची आहे म्हणून तर माझा जीव टांगणीला लागलाय. नाहीतर घरी जाऊन झोपले नसते?"

वहिनीने मग हात थांबवले. "दमू नको उगाच. चहा घेऊन जा," म्हणाली. रुचिताने उभ्यानेच चहा घेतला आणि खोऱ्याची गाडी पकडली.

क्रम ठरवायचा तर कसा, यावर गाडीतच तिचं डोकं चाललं. चिठ्ठ्या टाकल्या तर भांडणं होणार. सरकारी हुकूम आणला तर कोणी ऐकणार नाही. आणि एकदम तिला शिमगा आठवला. वाघजाईची पालखी चार दिवस बारा वाड्यांत फिरते, रोज तीन वाड्या. कोणाकडे आधी, कोणाकडे नंतर, हे कधी कोणी ठरवलं देव जाणे, पण शेंबड्या पोरालाही तो क्रम पाठ. त्या क्रमाने भाजावळ केली तर? घरी पोचताच तिने हिशेब पुन्हा चालवून बघितला. रोज तीन वाड्या, त्याही ऊन चढून झाकण उचलल्यावर पेटवलेल्या. धूर वर जात होता, वारा जरा उशिरा पण येत होता.

आप्पा ओटीवर बसले होते. दत्ताराम गोताड. पालखी दरवर्षी पहिली त्यांच्याच ओटीसमोर टेकते, पहिला नारळ त्यांच्या हातचा. बोलणं मोजकं, मान ताठ. सुनेचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं, अधूनमधून खोकत.

"गावकी बोलवतो," म्हणाले. "देवीच्या क्रमाला कोण नाही म्हणणार नाही."

त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. क्रम देवीचा, आणि पहिला नंबर गोताडांचा.

शनिवारी संध्याकाळी देवळासमोरच्या सहाणेवर, म्हणजे पालखी जिथे बसवतात त्या चौथऱ्याभोवती, बारा वाड्यांची माणसं जमली. रुचिताने झाकण, धूर, वारा सगळं साध्या शब्दांत सांगितलं. गेल्या वर्षी निम्म्या वाड्यांनी एकदम भाजलं तेव्हा दोन दिवस डोळे चुरचुरले होते, ते लोकांना आठवलं. माना डोलू लागल्या. पालखीचा क्रमही पटला. आता जमलं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात रेवाळेवाडीची सुगंधा रेवाळे उठली. ती सरपंच होती, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. "चौथ्या दिवशी दुपारी पाऊस, असं म्हणालीस ना गो?"

"हो."

"चौथ्या दिवसाची शेवटची वाडी आमची. पालखी आमच्याकडे येते तेव्हा नाचणाऱ्यांचे पाय गळलेले असतात, ते आम्ही चालवून घेतो. पण भाजावळ भिजली तर दाढ गेली. मान तुमचा आणि पाऊस आमचा, असं का?"

गलका झाला. रेवाळेवाडीची माणसं उठून उभी राहिली. कोणीतरी म्हणालं, मग आम्हीही पहिल्याच दिवशी पेटवतो, बघू काय होतं ते. दुसरीकडून आवाज आला, तसं असेल तर आम्ही का थांबायचं? बघता बघता सगळं विसकटायला लागलं. आप्पा काहीतरी म्हणायला गेले, पण त्यांना खोकल्याची उबळ आली.

रुचिताने त्या खोकणाऱ्या माणसाकडे बघितलं. उद्या रविवार होता. तिने विचार केला नाही असं नाही. केला, आणि आप्पांना विचारत बसायला वेळ नाही हेही तिला कळलं.

"गोताडवाडी शेवटी जाईल," ती म्हणाली. "रेवाळेवाडी पहिल्या दिवशी, आमच्या जागी."

सुगंधा रेवाळे खाली बसली. गोताडांचा मान, तो सुनेने दिला, आणि तोही बारा वाड्यांसमोर. रुचिताचा नवरा सिद्धेश पुढच्या रांगेत होता; त्याने कपाळाला हात लावला. आप्पा उठले, काठी घेतली आणि कोणाकडेही न बघता घराकडे चालू लागले. नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत.

"अगं, एकदा बाबांना विचारायचंस तरी," वाटेत सिद्धेश चिडून म्हणाला.

"विचारलं असतं आणि ते नाही म्हणाले असते तर?"

"म्हणून विचारायचंच नाही? हे तर मॅडमसारखंच झालं तुझं."

हे तिला फार लागलं, कारण त्यात तथ्य होतं. ती ओटीवर गेली आणि म्हणाली, "आप्पा, चुकलं माझं." आप्पांनी मान वळवली नाही. शब्द मात्र तिने मागे घेतला नाही. घेतला असता तर सगळंच पडलं असतं.

रविवारी तिने रेडिओवर अंदाज वाचला, खरा आणि पुरता. चार कोरडे दिवस, चौथ्या दुपारी पाऊस. सगळ्यांनी एकदम पेटवलं तर काय होईल, तेही सांगितलं. मग वाड्यांचा क्रम वाचला. शेवटचं नाव आपल्या वाडीचं होतं, तेही तिने तसंच वाचलं. वाचून झाल्यावर तिने मॅडमना फोन केला. "ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "मी काही सोडत नाही. पण मला धाकधूक आहे." रुचिताला नव्हती असं थोडंच आहे.

पहिल्या कोरड्या दिवशी ती सकाळपासून टेकडीवर उभी. चौथा धूर दिसला की संपलं, एवढंच तिला माहीत होतं. ऊन चढलं. रेवाळेवाडीतून एक धूर उठला, मग शेजारच्या दोन वाड्यांतून. तीनच. सरळ वर गेले. बाकीच्या वाड्यांत पेटवायची सगळी तयारी होती, शेण-पाला रचून ठेवलेला, आणि माणसं हात बांधून बसलेली. गाव करी ते राव न करी म्हणतात ते असं. जेवणवेळेनंतर थोड्या वेळाने खारा वारा तिच्या तोंडावर आला. वहिनीचा फोन आला, "इकडे वारा आहे हो. बोंबील खडखडीत." दुसरा दिवस तसाच गेला, तिसराही.

चौथ्या दिवशी सकाळी आकाशात पश्चिमेला काळपट रेघ होती. सहाणेवरच्या त्या संध्याकाळपासून आप्पा तिच्याशी बोलले नव्हते. ती दाढ भाजायच्या जागी गेली तेव्हा वाडीतली सगळी माणसं हातात काड्यापेट्या घेऊन तयार होती. खोऱ्यात धुकं तळाशी बसलेलं, पान हलत नव्हतं.

"आप्पा, आत्ताच पेटवूया," एक पुतण्या म्हणाला. "पाऊस यायच्या आत भाजून मोकळे. कोण बघतंय?"

आप्पांनी सुनेकडे बघितलं. शनिवारनंतर पहिल्यांदाच. "तुझा भटजी काय म्हणतो?"

तिला खोटं बोलता आलं असतं. आपल्याच घरची दाढ होती, एका वाडीच्या धुराने कोणी मरणार नव्हतं. ती म्हणाली, "आत्ता पेटवलं तर सगळं भाजून होईल. पण धूर इथेच बसेल, खालच्या दोन वाड्यांत उतरेल, आणि त्यांना अजून भाजायचंय. धुकं उठेपर्यंत थांबलो तर धूर वर जाईल. पण मग पावसाआधी सगळ्यांचं होणार नाही. निम्मं होईल."

"नक्की?"

"नक्की."

आप्पा बांधावर बसले. "मग थांबायचं," म्हणाले. पुतण्या कुरकुरला. आप्पांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि त्याने काड्यापेटी खिशात टाकली.

धुकं उठलं तेव्हा ढग डोंगरावर आलेले होते. पहिली दाढ पेटली, दुसरी पेटली. आणि मग खालच्या वाटेने माणसं येताना दिसली, खांद्यावर पाला ओढायची दाताळी, पुढे सुगंधा रेवाळे, पदर खोचून. "बसलात काय? पाला पसरा," तिने आल्या आल्या हुकूम सोडला. कोण कोणाची दाढ पेटवतंय कळेना. आप्पा धुराच्या उलट बाजूला उभे राहून काठीने दाखवत होते, आधी विठाबाईची, ती एकटी आहे, मग शंकरची, मग त्या कोपऱ्यातली. रुचिता दोनदा म्हणाली, "आप्पा, आपली पेटवूया का?" त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

वाडीतल्या बहुतेक दाढा भाजून झाल्या. यंत्राने निम्मं म्हटलं होतं. रेवाळेवाडीचे हात त्याच्या हिशेबात नव्हते. शेवटी राहिली ती आप्पांचीच. सिद्धेशने काडी ओढली, गवताने पेट घेतला, आणि टपोरे थेंब पडायला लागले. गवत चरचरलं. दाढेचा एक कोपरा काळा झाला आणि बाकीची भिजून गेली. माणसं आडोशाला पळाली. रुचिता तिथेच पावसात उभी राहिली आणि रडली. यंदा या दाढेत तण माजणार, आषाढात सगळं घर वाकून ते उपटत बसणार, आणि हे तिने केलं होतं.

आप्पा काठी टेकत तिच्याजवळ आले. पाऊस धूर खाली बसवत होता, तरी त्यांचा श्वास मोकळा चालला होता.

"रेवाळे म्हणाली, त्यांची दाढ मोठी आहे, आपलं रोप तिथे टाका," ते म्हणाले. "मी हो म्हटलं."

रुचिताने डोळे पुसले. "आप्पा, पुढच्या वर्षी आपल्याला पहिलं..."

"पुढच्या वर्षीही शेवटीच ठेव," आप्पा म्हणाले. "पण मला विचारून."